डबीतला जीव

२८ ऑगस्ट, गुरुवार
ऐश्वर्याने जाताना काचेची डबी हातात दिली. आत हरभऱ्याच्या डाळीएवढी कोळ्याची मादी. जाळं विणत नाही, उडी मारून भक्ष्य धरते. नातीने ती निकोबारच्या एका बेटावरून परवान्याने आणलीय. म्हणते, या जातीचे आजवर नरच सापडले, मादी कुणी पाहिलीच नव्हती.
"आज्जा, मी पुण्यास्नं दहा दिवसांनी येतो. ही वाळून मेली तर माझी तीन वर्षं गेली बघ. एक दिवसाआड एक माशी सोड."
बारक्या माश्यांची बाटली वेगळी. आत केळ्यावर घोंघावतायत.
आजच पर्युषण लागलं – आणि मी माशी मारायला द्यायची!

३० ऑगस्ट
नाही दिली. हात बाटलीपर्यंत गेला, परत आला. साखरपाण्याचा बोळा ठेवला. प्याली. म्हणजे चालतं की.
सून राजमती म्हणाली, "मामंजी, कोळ्याला बी उपास धरायला लावलाय व्हय?"
माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाकडे हे काम द्यायचंच कशाला?

२ सप्टेंबर
कोपऱ्यात पांढरी पिशवी विणलीय. अंडी असणार. तिचं पोट एकदम सपाट. बोळ्याकडे फिरकत नाही. देवळात चित्त लागलं नाही.

४ सप्टेंबर
काचेवर चढताना दोनदा पडली. पाय आखडलेत. ऐश्वर्याला काय तोंड दाखवू?
बाटली उघडली. एक माशी आत सोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. णमोकार म्हणत तोंड फिरवलं. वळून पाहिलं तेव्हा माशीचे पंख तेवढे हलत होते.
आज जेवलो नाही.

६ सप्टेंबर
नातीचा फोन. "जगवलीस? लई भारी, आज्जा! उद्या पुण्यास्नं स्पिरिट घेऊन येतो, आल्या आल्या तिला त्यात घालतो. मग मायक्रोस्कोपखाली."
"जिवंतच?"
"मग? तसंच करतात की. तुला मुद्दामच सांगितलं न्हवतं."
मी फोन ठेवला. मग ती माशी कशासाठी दिली मी?
 

७ सप्टेंबर
ऐश्वर्या बाराला पोचते. सव्वाअकराला डबी परसात जास्वंदीखाली ठेवून झाकण काढलं.
अंडी सोडून ती बाहेर येईना.
पावणेबारा झाले. झाकण मी अजून लावलेलं नाही.