येन्सचं 'आम्ही'

म्युनिक, मंगळवार संध्याकाळ

येन्स आज 'आम्ही' म्हणाला. घरी यायला एस-बान लोकलमध्ये बसल्यापासून तोच शब्द डोक्यात घोळतोय.

अकरा वर्षं दोघं मिळून ट्रान्स संगीत वाजवतोय. पोस्टरवर जोडीचं एकच नाव, स्टुडिओही एकच. मराठी त्याला मीच शिकवलं. अजून 'मी गेली' म्हणतो, बावळट. पण एक गोष्ट पहिल्याच वर्षी पक्की करून घेतली होती: जर्मनमध्ये 'वीर' एकच, मराठीत दोन. समोरच्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही'. त्याला हे इतकं आवडलं, की तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक 'आपला'.

आणि आज केबल गुंडाळता गुंडाळता, अगदी सहज, "आम्ही उन्हाळ्यात नवीन अल्बम काढतोय." मी हसलो. चुकला असेल.

मग माझी खुर्ची एवढी खाली कोणी केली? येन्स तर माझ्याहून उंच. विचारलं, तर म्हणे, "आल्झो... म्हणजे... साफसफाई केली." साफसफाईला खुर्ची खाली करावी लागते?

मी संशयी झालोय का? असेन. घरी येऊन मुद्दाम मेसेज टाकला, "शनिवारी आपण स्टुडिओत भेटतोय ना?"

उत्तर लगेच आलं, मराठीतच. "हो, या ना. आम्ही आहोत."

'या'. मला, ज्याला तो अकरा वर्षं अरे-तुरे करतो. हे माझ्या आईकडून शिकलाय तो, पाहुण्यांना कसं बोलवायचं ते.

एकही चूक नाही.