माळ्यावरचं मीठ

मु. दहिवली, वैशाख वद्य तृतीया, शके १८५१

तीर्थस्वरूप अक्कास मोरूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तिकडे खोपोलीस तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे तुझ्या भावजयीची, म्हणजे गोदूची, सूज चौथ्या वर्षीही मुक्कामाला आहे. मी मात्र ठणठणीत आहे. (गेल्या आठवड्यात शेतात पडलो, पण ते लिहिण्याजोगं नाही. तरी लिहितो, कारण तुला दुसरीकडून कळणारच.)

वैद्यांनी गोदूचं मीठ बंद केलं. आता बायकोनं अळणी गिळायचं आणि नवऱ्यानं समोर बसून सुक्या बोंबलाचं कालवण ओरपायचं, हे मला जमेना. मीही मीठ सोडलं आणि बरणी माळ्यावर टाकली. सहा महिने अळणी डाळ, अळणी भाजी (वैद्यांना विचारायचं सुचलं नाही, शहाण्याला कुठं सुचतं). अंगातली ताकद गेली, त्याचा दोष मी वयाला दिला. गेल्या आठवड्यात भर उन्हात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजताना पोटऱ्यांत गोळे आले आणि मी उताणा पडलो. वाडीवरच्या धाऊनं मला पाठीवर घालून आणलं आणि गोदूच्या अंथरुणाशेजारी ठेवलं. घरात दोन आजारी आणि उभा एकटा धाऊ.

गोदूनं त्याला माळ्यावर चढवून बरणी काढवली आणि पेजेत मीठ घालून ती पेज मला पाजायला लावली. वाडगा रिकामा झाल्याची तिनं खात्री केली. मग म्हणाली, "तुमी अळणी खाल्लंत म्हणून माजी सूज उतरली काय? तुमी पडलात तर मला पानी कोन देनार?"

अक्का, मला रडू आलं. पण आता निश्चय केला आहे. तिच्या औषधाची वेळ चुकायची नाही आणि माझ्या जेवणाचीही. पोटभर, मीठ घालून, तिच्यासमोरच जेवतो. संध्याकाळी शेजारची ठकी तिच्याजवळ बसते, तेवढ्यात मी नदीपर्यंत फिरून येतो. (पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतून परतलो, तर गोदूनं पुन्हा पिटाळलं.) दुखणं लांबचं आहे, तेव्हा मलाही टिकलं पाहिजे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मोरू

ता. क. – आठ दिवस येऊन राहा. गोदूसाठी नको, तिचं मी बघतो. मला कुणीतरी ताट वाढून 'आणखी घे' म्हणायला हवं आहे.

पुन्हा ता. क. – पत्र गोदूला वाचून दाखवलं. ती म्हणते, "आठ नाय, पंदरा दिस लिवा. चार वर्सांत तुमी आपनहून पाठ टेकलेली मी बगितली नाय."