बाबांचा फोटो

अकोला, ९ जानेवारी १९६३

चि. चंद्रभानास, ताईचे अनेक आशीर्वाद.

२० तारखेला, रविवारी बाबांना जाऊन महिना होतो. घरी बुद्धवंदना ठेवली आहे. कापसाच्या वेचणीला आलास तेव्हा वावरात बाबांचा फोटो काढलास, तो मोठा करून पाठव. बाळापूरच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगत, माह्या पोरानं माहा फोटो काढला, आता मेलो तरी भिंतीवर राईन. माय रोज विचारते, पोस्टमन आला काय. सरकारी कारकुनाला दोन ओळी लिहायचीही रजा मिळत नाही का रे?

तुझी वाट पाहणारी,
मनकर्णाताई

अमरावती, ११ जानेवारी

ति. ताईस, चंद्रभानचा सप्रेम जयभीम वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा. ताई, फोटो नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यात रोलच नव्हता.

नागपूरच्या प्रदर्शनासाठी बारीक कणांची, भरपूर उजेड लागणारी फिल्म मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. आठच फोटोंची, अजून पिशवीतच होती. बाबा म्हणाले, माहा एक काढ ना. मला वाटलं, मळक्या धोतरावर, चिखलाच्या पायांवर एक फोटो कशाला घालवू? नाही म्हणवेना, म्हणून रिकाम्याच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. त्याआधी त्यांनी पाय धुतले, पटका नीट बांधला. डोळ्यांवर ऊन होतं, तरी पापणी हलू दिली नाही. चांगला निघाला काय, विचारलं. मी म्हणालो, फस्टक्लास.

त्या रोलवर कौंडण्यपूरची नदी काढली. तिला बक्षीस मिळालं. लोक हात मिळवतात आणि माझी मान वर होत नाही.

मायला सांग, रोल खराब झाला.

तुमच्या मायेला न शोभलेला,
चंद्रभान

अकोला, १३ जानेवारी

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

खोटं मी सांगणार नाही. शनिवारी ये आणि तूच सांग. बारीक कण, जाड कण मला कळत नाहीत. बाबांनी पाय धुतले होते, एवढं कळलं. रात्रभर रडले.

तरीही तुझीच,
ताई

अमरावती, २८ जानेवारी

ति. ताईस सप्रेम जयभीम वि. वि.

सोबत मायचा फोटो आहे. शनिवारी तू शाळेत शिकवून येण्याआधी जे झालं, ते माय तुला सांगणार नाही, म्हणून लिहितो.

येताना दुकानात बक्षीसवाली फिल्म होती. ती घेववली नाही. घरोघरच्या अल्बमांसाठी वापरतात ती साधी, कमी उजेडात चालणारी घेतली. तिच्यात चेहरा थोडा रवाळ येतो, पण माणूस घरातलं वाटतं, फोटो जुना की नवा ते कळत नाही.

मायला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती, निवडतच राहिली. शेवटी मी विचारलं, तुझा काढू काय? ती म्हणाली, आधी उघडून दाखव.

मी उघडून दाखवला. तिनं आतल्या रोलाच्या कागदावर बोट टेकवलं, मग पदर डोक्यावर घेऊन बसली. फोटोत डावीकडे जो पांढरा पट्टा आला आहे, तो तेव्हा आत शिरलेला उजेड. उघडलं की फिल्म बिघडते, हे मी तिला बोललो नाही, ताई. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटलं नसतं.

रागासकट लोभ असू द्यावा.
तुमचा,
चंद्रभान