माझ्या आईच्या कपाळाबाबत

मी, सुगंधा आकाराम कांबळे, वय अडुसष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात कापतो, म्हणून अक्षर वाईट आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून काहींना शंका येईल.

१. सन १९९७ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही माझा भाचा प्रसेनजीत याला दिले होते. गेल्या महिन्यात त्याच्या नव्या बंगल्याच्या गृहप्रवेशाला गेले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर एक अनोळखी बाई पाहिली. गोरी, नाकात नथ, गळ्यात मोत्यांचा हार, कपाळ कोरे. फ्रेम मात्र ओळखीची होती. ती माझी आई होती.

२. ते तैलचित्र मी १९७१ साली काढले आणि नव्या घरासाठी हौसेने प्रसेनजीतला दिले. आई, बयाबाई, कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. म्हणून सिस्टरनी मला फी न घेता शाळेत घेतले. चित्राला बसताना मी तिला शेजारणीची बोरमाळ घाल म्हटले, तर म्हणाली, "माझं न्हाय ते कशाला दावतीस? हाय तशी काढ की." तशीच काढली. काळी, गालावर भाजल्याचा डाग, कपाळावर गोंदण. समोर बसलेल्या माणसाशी हाताने खोटे बोलू नये, एवढीच मला कला कळली, आणि सदतीस वर्षे मुलींना तेवढीच शिकवली.

३. प्रसेनजीत म्हणाला, "आत्या, पेंटरकडून जरा टच-अप करून घेतलं. पावणं येणार, आज्जीला राणीसारखं केलं की. वाईट काय केलं?"

मी म्हटले, "राणी तुझ्या घरात कधी जन्मली? माझ्या आईला हाकलून परकी बाई टांगलीस, आणि वर मला जेवायला वाढतोस?"

त्याची बायको निशा म्हणाली, "आत्या, हळू बोला, लोक ऐकत्यात."

ऐकू देत. चित्र उतरवले आणि रिक्षाने घरी आणले.

प्रसेनजीत वाईट नाही, हेही नोंदवते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी बारा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपला. माणसाला इतकी माया असते आणि तरीही आपल्याच आजीच्या तोंडाची लाज वाटते, हे मला या वयात कळले. अजून सावरलेले नाही.

४. तैलरंग पुरता वाळायला महिने लागतात. वाळला की खालच्या रंगाला धरून बसतो. नवा रंग आठ-दहा दिवसांचा होता, पण माझ्या हाताने पुसणे होईना. प्रसेनजीतची मुलगी अक्षता, वय एकोणीस, बापाला न विचारता आली. टर्पेंटाइन, कापूस आणि चार दुपारी. नथ गेली, गोरेपण गेले. गालावरचा डाग वर आला तेव्हा ती म्हणाली, "आजी, ह्या तर रागावलेल्या तुम्हीच की!" कपाळाशी आलो आणि थांबलो. पेंटरने तिथे आधी पॉलिशपेपर मारला होता. खाली नुसता कॅनव्हास.

५. राहते घर अर्धे प्रसेनजीतला, अर्धे अक्षताला. रंग, कुंचले, पुस्तके अक्षताला. मोत्यांचा हार ज्या कापसाने पुसला, ते बोळे बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत, डबा प्रसेनजीतला. हार त्याला हवा होता.

६. चित्र अक्षताला. आईचा एकही फोटो नाही. गोंदण किती ठिपक्यांचे होते, असे प्रसेनजीतला फोनवर विचारले, तर म्हणाला, "तीन." म्हणून इथे नोंद करते: पाच. चार चौकोनात, पाचवा आत, पण उजव्या भुवईकडे सरकलेला. गोंदून घेताना ती सात वर्षांची होती आणि हलली. रंग हिरवट निळा, काळा मुळीच नाही.

हे पाच ठिपके अक्षताने रंगवायचे. बाकीची कलमे माझ्या मरणानंतर अमलात यावीत. हे कलम उद्या सकाळी दहापासून. मी मेल्यावर तिचा ठिपका चुकला, तर तिला कोण सांगणार?

लिहून ठेवणार: सुगंधा आकाराम कांबळे (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. कृष्णात ज्ञानू चौगुले, शेजारी (सही)
२. तानाबाई सयाजी भोसले, शेजारी (अंगठा)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १२ डिसेंबर २००४