दवातला हात

मंगळवार, २४ नोव्हेंबर २०२०. आल्मेरे

तक्रार डचमध्ये लिहायची आहे. आधी इथे सरळ उतरवून काढते.

१. राखाडी स्टेशन वॅगन. लीज कंपनीची, मुदतीआधी परत आलेली. व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन लिलावात घेतली. लिलावाचा हॉल मार्चपासून बंद, त्यामुळे फोटो आणि तपासणीचा अहवाल एवढ्यावरच.
२. अहवालात बॉनेटपुढे : दोष नाही.
३. काल दुपारी ट्रेलरवरून उतरवली. कोरडी होती. मी स्वतः फिरून पाहिली. दोष नाही.
४. आज सकाळी गाडीवर दव. बॉनेटवर हात. उजवा. तळवा आणि पाची बोटं. तेवढ्या जागी दव धरलंच नव्हतं.
५. कापडानं पुसलं. दव गेलं, हात गेला.
६. मास्क खाली करून त्याच जागी तोंडानं वाफ सोडली. हात परत आला.

सहावा मुद्दा तक्रारीत घालायचा की नाही, ठरत नाही.

बुधवार, २५ नोव्हेंबर

योपला दाखवलं. भागीदारीत गाड्या मी बघते, गिऱ्हाइकं तो. वाकून बघत राहिला, मग म्हणाला, "इंजिनिअर, कारण सांग. भूत सोडून."

कारण सोपं आहे. लॅकरवर तेलकट, आंबट काहीतरी बसलं आणि उन्हात भाजलं. धुतल्यावर दिसत नाही, पण पाणी तिथे वेगळं धरतं. आरशावर बोटानं लिहिलेलं पुसलं तरी पुढच्या अंघोळीला दिसतं, तसंच.

"म्हणजे भूतच," योप.

सहावा मुद्दा घातला होता. लिलाववाल्यांचा फोन आला, तक्रार नामंजूर. "मॅडम, आमचे तपासनीस गाड्यांवर श्वास सोडत नाहीत. या वर्षी तर नाहीच."

बरोबर आहे त्याचं.

शनिवार, २८ नोव्हेंबर

रात्री तापमान शून्याखाली. गाडीवर दहिवर, त्यात हात. सकाळी एक जोडपं आलं, बरोबर लहान मुलगी. तो डिकीत बाबागाडी मावते का बघत होता. बायको बॉनेटसमोर उभी होती. बराच वेळ.

"या गाडीनं कुणाला उडवलंय का?"

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

रंगाची जाडी सगळीकडे कारखान्यातली, बंपरच्या क्लिपा मूळच्या, रेडिएटरमागची पट्टी सरळ. सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि मुलीला उचलून पलीकडे गेली. गाडी घेतली नाही.

ते गेल्यावर मीही बघत बसले. बोटं काचेच्या दिशेला, म्हणजे माणूस गाडीच्या पुढ्यात, गाडीकडे तोंड करून. हात आपटलेला नाही, टेकवलेला आहे. आपटला असता तर तळव्याच्या कडा इतक्या स्वच्छ आल्या नसत्या. पण बोटांची टोकं डावीकडे ओढली गेलीत. गाडी हलली असती तर ओढ सरळ हवी. बाजूला का?

गाडी कुणाला धडकलेली नाही, हे मला माहीत आहे. तरी शटर लावायला निघाले तेव्हा तिच्यासमोरून गेले नाही. वळसा घातला.

मंगळवार, १ डिसेंबर

एसीची गळती शोधायचा अतिनील दिवा काढला. शटर ओढून अंधार केला. हात पिवळट हिरवा दिसला. फिकट, पण अख्खा.

हळद.

एसीत घालतात तो रंगही असाच चमकतो, पण तो बॉनेटवर बोटं उमटवत नाही.

आधी वाटलं, गाडीची पूजा. आमच्या घरी ती पद्धत नाही. पप्पांनी स्कूटर आणली तेव्हा आईनं विहारापर्यंत एक फेरी मारायला लावली, तेवढंच. पण मैत्रिणींच्या घरी बघितलंय. बोटं ओढतात, स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. असा सगळा भार टाकून हात कुणी ठेवत नाही.

योप : "तुमच्याकडची गाडी, मग."

"कुठली?"

"तिकडची."

"तिकडे मोठं आहे, योप."

शुक्रवार, ४ डिसेंबर

योप म्हणाला पॉलिश कर, मोकळी हो. करंगळीपासून सुरुवात केली. टोक गेलं. दिवा लावून बघितलं, वाफ सोडून बघितलं. गेलं. मशीन बंद केलं.

योपला सांगितलं, पॅड संपले. पॅडचा खोका त्याच्याच मागच्या फळीवर होता. तो वळून बघून आला आणि म्हणाला, "हो. संपले."

रविवार, ६ डिसेंबर

सकाळी फोटोपुढे मेणबत्ती. दर सहा डिसेंबरला आईचा फोन यायचा, लावलीस का.

मग यार्डात गेले. रविवारी तिथे काम नसतं. व्हर्निअरनं हाताची रुंदी घेतली, बोटांच्या मुळाशी. अमोलला नागपूरला फोन केला.

"आईच्या बांगडीचं माप काय होतं?"

"ताई, आता हे कशाला?"

"बघ ना."

कपाट उघडल्याचा आवाज. मग, "दोन-चार."

या हाताला दोन-सहा तरी लागेल.

"मग नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"काही नाही. जेवलास का?"

तिचा हात नाहीच असणार. आई इकडे कधी आलीच नाही. तिकीट एप्रिलचं होतं. सप्टेंबरात तिचं शेवटचं मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बघितलं. आवाज बंद ठेवला होता.

तरी माप घेतलं.

बुधवार, ९ डिसेंबर

लीज कंपनीला विचारलं, आधी गाडी कुणाकडे होती. सांगता येत नाही म्हणाले. अपेक्षित.

पण इथे नंबर गाडीचा असतो. मालक बदलला तरी पाटी तीच. कुणीतरी हा नंबर पार्किंगच्या ॲपमध्ये रोज टाकला असेल. त्या घरात तो पाठ असणार.

श्रद्धाला फोन केला. फोरबर्गला राहते, मराठी मंडळाचा ग्रुप चालवते. सप्टेंबरात लोकांनी फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवायला सुरुवात केली तेव्हा मी ग्रुप सोडला. त्यानंतर आज पहिल्यांदा बोललो.

"अगं मित्रा." माझं नाव ती असंच तोडून घेते. "आहेस तू."

"ग्रुपवर एक नंबर टाकायचाय."

"परत ये आणि टाक की."

"तू टाक."

"बरं बाई. काय लिहू?"

सांगितलं. हाताचंही.

"हाताचं नाही हं लिहीत मी. निम्मं मंडळ आपापलं बॉनेट धुवायला पळेल."

सोमवार, १४ डिसेंबर

उद्यापासून सगळं बंद. शोरूमसुद्धा. योप खुर्च्या आत घेत होता तेव्हा फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, मराठी.

"ती गाडी आमच्याकडे होती. काय झालंय तिला?"

"काही नाही. गाडी उत्तम आहे."

"मग?"

हात म्हणाले. दव म्हणाले. हळद म्हणायच्या आधीच तिनं विचारलं, "उजवा?"

"हो."

"पुसून टाका."

फोन बंद.

रविवार, २० डिसेंबर

तिचाच फोन. नाव मनीषा. युट्रेख्टला असते. या वेळी तीच बोलत राहिली, मी भिंतीला टेकून उभी होते.

नवरा त्या गाडीनं स्वतः चालवत हॉस्पिटलात गेला. मार्च अखेर. दारातून हात केला, म्हणाला, पार्किंगचे पैसे ॲपवरून भर. गाडी तिथेच राहिली. तो परत आला नाही. कुणाला जाऊ दिलं नाही, शेवटचं स्क्रीनवर. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या, विमानं बंद म्हणून अडकलेल्या. त्यांनी मुलाला शेवटचं पाहिलं ते त्या गाडीत बसताना, मागून.

मे महिन्यात लीज कंपनीचा माणूस गाडी न्यायला आला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच. सासूबाई लोणचं घालत होत्या.

"इथल्या टोको दुकानातून कैऱ्या मीच आणल्या होत्या. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून. तशाच खाली उतरल्या, हात मसाल्याचा. गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि हात ठेवला. काढेचनात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो ड्रायव्हर लांब उभा होता. म्हणाला, मी थांबतो, मला घाई नाही. चांगला होता हो. मलाच बघवेना. मी ओढला त्यांचा हात."

"डावीकडे," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

सांगितलं. ती म्हणाली, "तेही उमटलंय?"

"हो."

"म्हणून म्हणते, पुसा. त्या आता साताऱ्याला असतात, फोनवर विचारतात अधूनमधून, गाडी कुणाकडे गेली. मी सांगते, ऑफिसातल्या एकांकडे आहे. त्यांना काही कळायला नको."

गुरुवार, २४ डिसेंबर

तेल, मीठ, कैरीचं आम्ल, हळद, मेमधलं ऊन. प्रत्येक गोष्टीचा हिशोब लागला. आता कुठेही ‘का’ शिल्लक नाही.

तरी सकाळी योपच्या आधी पोचते. मास्क खाली करते. वाफ टिकते तोवर हात दिसतो, मग कडांकडून आत आत मिटत जातो. तळव्याचं मधलं सगळ्यात शेवटी. मग परत.

आज चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा थांबले.

मंगळवार, ५ जानेवारी २०२१

योपनं गाडी फोनवर विकली. नर्स आहे, रात्रपाळ्या, बस वेळेवर नाहीत. गाडी घरपोच द्यायची. "बॉनेटचं काय ते कर," म्हणाला. "ती बाई रात्रभर माणसांचे श्वास मोजते. घरी निघताना तिला हे नको."

हे मला पटलं. हात गाडीवर राहू शकत नाही.

शनिवार, ९ जानेवारी

बॉनेट म्हणजे बिजागरीचे चार बोल्ट आणि काच धुवायच्या पाण्याची नळी. इतकंच. जुन्या भागांच्या यार्डातून त्याच रंगाचं दुसरं मिळालं. सकाळी बदललं, फटी जुळवल्या. गाडी गेली.

काढलेलं बॉनेट शेडच्या भिंतीला उभं केलं, बिजागरीची बाजू वर. झोपलेलं होतं तोवर हात टेकल्यासारखा दिसायचा. उभं केलं तर ‘थांब’ म्हणतो.

योप : "याचं करणार काय? पलंग?"

"बघू."

"इंजिनिअर, तू कधी ‘बघू’ म्हणत नाहीस."

मंगळवार, १२ जानेवारी

मनीषाचा मेसेज. "पुसलं ना?"

लिहिलं, "गाडीवर आता काही नाही."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. दिवसभर दुसरं काही डोक्यात आलं नाही.

रविवार, १७ जानेवारी

श्रद्धाचा फोन. तिचे शेजारी कायमचे पुण्याला परत चाललेत. पुढच्या सोमवारी, पंचवीसला कंटेनर भरतोय, जागा उरली आहे, कुणाचं काही पाठवायचं असेल तर विचारत होती.

"बॉनेट चालेल?"

"कसलं?"

"गाडीचं."

"त्या नंबरचं?"

"हो."

"घरसामानात बॉनेट. कस्टमवाल्याला काय सांगायचं गं?"

"सुटा भाग."

"आणि तिनं पुसायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग तू कोण ठरवणारी?" रागानं नव्हे, खरंच विचारत होती.

फोन ठेवल्यावर सुचलं : कुणीच नाही. पण मनीषाही नाही.

अमोलला विचारलं, आईच्या बांगड्या कुठे आहेत. मावशीला दिल्या म्हणाला, परवाच. "तू त्या दिवशी ‘मग नाही’ म्हणालीस, मला वाटलं तुला नकोयत."

बुधवार, २० जानेवारी

शनिवारी रात्रीपासून संचारबंदी लागेल म्हणतात. ब्लँकेट आणि पुठ्ठा आणला. बॉनेट गुंडाळण्याआधी एकदा वाफ सोडली. सगळं जागेवर आहे. गुंडाळलं.

मनीषाला संध्याकाळी पाठवलं, ते असं :

मनीषा,
बॉनेट पुसलेलं नाही. गाडीला दुसरं लावून ती दिली. हे माझ्या शेडमध्ये आहे. ‘गाडीवर काही नाही’ असं मी लिहिलं ते एवढ्याच अर्थानं, आणि ते तुम्हाला समजू नये अशा बेतानं लिहिलं.
करंगळीचं टोक नाही. तुमचा फोन येण्याआधी ते माझ्याकडून गेलं. बाकी हात पूर्ण आहे, ओढलेल्या बोटांसकट.
सोमवारी एक कंटेनर पुण्याला निघतोय, त्यात जागा आहे. पुढे साताऱ्यापर्यंत पोचवायची सोय मी करीन.
तुम्ही पुसा म्हणालात. पण हात तुमचा नाही, माझाही नाही. सासूबाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर मी स्वतः पॉलिश करीन आणि तसं तुम्हाला कळवीन. हवं म्हणाल्या तर त्यांना एवढं सांगा, की तो एरवी दिसत नाही. जवळ जाऊन तोंडानं वाफ सोडावी लागते.
शनिवार, २३ जानेवारी, संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्या.