बाबांच्या भजनावर भरलेला रॉक

पुणे

ती. बाबांस ज्ञानदेवचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या भजनाच्या कॅसेटवर मी 'नीलधूर' या रॉक बँडची मैफल भरली, तेव्हा तुम्ही वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतात. ती तंद्री लावणारी मैफल आता तेवढ्या एकाच कॅसेटवर उरलीय. काल कोथरूडला माझ्याच स्पीकरवर हजार पोरांनी ती उभ्याने ऐकली.

बँडची मैफल संपली आणि पुसायचा राहिलेला अभंग तुमच्या आवाजात सुरू झाला! मी बंद करायला धावलो, तर ऐकायला आलेले त्या बँडचे, आता म्हातारे झालेले गिटारवाले ओरडले, "अहो, हात लावू नका! बुवांचा ताल बघा!" त्यांनी गिटार उचलली, पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आई बरी आहे ना? रविवारी वर्ध्याला येतो. कानातलं यंत्र लावून बसा. पुसलेलं परत आणता येत नाही, उरलेलं ऐकवतो.

तुमचा जुना अपराधी,
ज्ञानदेव