धोतऱ्याचा वाफा

३ जुलै १९२८, सोलापूर

आले एकदाची. बार्शीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं सोलापूर, आणि स्टेशनाबाहेर माझ्यासाठी टांगा उभा! मथुराबाईसाठी टांगा. दादानं बघितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. टांगेवाल्यानं सात रस्ता चौकातून नेलं, मग गिरण्यांची धुराडी मागं पडली आणि मंगळवेढ्याच्या वाटेला मोकळा माळ लागला. बंगला तिथं एकटाच उभा आहे. दगडी, नवा, भोवती पुरुषभर उंच भिंत.

मालक सिद्धलिंगप्पा कापसाचे व्यापारी. बोलणं इतकं मऊ की पुढं वाकून ऐकावं लागतं. त्यांची बायको दाक्षायणीबाई, तिच्या सोबतीला मी. तिच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, म्हणून खिडक्या दिवसभर लावलेल्या असतात. मालकांना मागच्या जागेत तिच्यासाठी बाग करायची आहे. तिला दिवे लागल्यावरच बाहेर बसता येतं, तेव्हा सगळी फुलं संध्याकाळनंतर उमलणारी हवीत, आणि ती मी निवडायची. माझे वडील देवळाला फुलं पुरवायचे, आमचा मळाच फुलांचा होता, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणून ही नोकरी.

नवरा गेल्यापासून भावजयीच्या चुलीपुढं दिवस काढले. इथं मला स्वतःची खोली आहे. आतून कडी लागते, खिडकी बागेवर उघडते, कोपऱ्यात दळणाचं जातं, आणि कंदील माझा एकटीचा.

६ जुलै

जागा मुरमाड आहे, पण तिच्यावर बिरप्पा धनगर मेंढरं बसवतो, त्यामुळं खत आयतंच. बिरप्पा मोठा गमत्या माणूस. त्याचा कुत्रा काळ्या त्याच्याहून गमत्या, माझ्या पदराला धरून मला आळ्यापाशी नेतो.

आज मनातल्या मनात सगळी बाग लावली. रातराणी भिंतीला, बसायच्या बाकापासून लांब, कारण तिचा वास जवळून डोकं उठवतो. वाटेच्या दोन्ही अंगांना निशिगंध. स्वयंपाकघराच्या दाराशी गुलबक्षी, ती बरोबर दिवेलागणीला उघडते आणि बाईमाणसाला वेळ सांगते. कोपऱ्यात पारिजातकाचं कोवळं झाड मालकांनी आधीच लावलंय, ते तसंच राहील. मोगरा हवाच. केवड्याला मी नाही म्हटलं, त्याला पाणी फार लागतं आणि इथली विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते असं स्वयंपाकीण अक्कम्मा म्हणाली. अक्कम्मा अक्कलकोटकडची. निम्मं कानडीत बोलते, निम्मं भांड्यांशी.

१३ जुलै

दाक्षायणीबाई आज पहिल्यांदा बागेत आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. पदर तोंडावर ओढलेला. मी त्यांना अक्का म्हणायचं ठरवलं, ते त्यांना आवडलं.

मी कुठं काय लावणार ते हातात कंदील घेऊन दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, पांढरा धोतरा का नाही? मी हसले. धोतरा उकिरड्यावर आपोआप उगवतो, तो कुणी बागेत लावतं का? त्या म्हणाल्या, तोही संध्याकाळीच उमलतो, आणि शंकराला चालतो. मालक मागंच उभे होते. देवाचं नाव निघाल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली. बिरप्पा मात्र कुरकुरला, म्हणाला की ह्याला गुरंबी तोंड लावत न्हाईत, हितं कशाला आणायचा. तरी त्यानं पडक्या विहिरीजवळची चार मोठी झाडं मुळासकट आणून दिली. त्यांचा वाफा मी बाकाच्या पाठीमागं केला.

एक गोष्ट राहून राहून आठवते. मी कंदील वर धरला तेव्हा अक्का थेट ज्योतीकडं बघत होत्या. पापणीसुद्धा हलली नाही.

३० जुलै

आज कळलं.

मालक जिनिंगवर गेले होते. मी अक्कांच्या केसांना तेल लावत होते, पदर सरकला. गालाचं हाड एका बाजूला खचलेलं. मानेवर जुने डाग, त्यांच्यावर नवे. कानाची पाळी फाटून दोन झालेली. माझा हात थांबला तशा त्या म्हणाल्या, "माझे डोळे चांगले आहेत, मथुराबाई. तोंड लोकांना दाखवायजोगं राहिलेलं नाही, म्हणून अंधार."

कशावरून मारतात ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, कशावरूनही नाही. रागावून मारलं असतं तर राग ओळखून राहता आलं असतं.

माझ्या आधी एक सोबतीण होती. ती कुठं गेली ते अक्कांना ठाऊक नाही. एका सकाळी तिची खोली झाडलेली होती.

१५ ऑगस्ट

काळ्यानं निशिगंधाचे कंद उकरले. मालक बाहेर आले, त्यांनी उकरलेली जागा बघितली, कुत्र्याला चुचकारून जवळ बोलावलं. तो शेपूट हलवत गेला. मग कुदळ. पहिल्या घावात तो मेला नाही. मालकांनी कोट काढून बाकावर नीट घडी घालून ठेवला आणि पुन्हा कुदळ उचलली. बिरप्पा मेंढरांत उभा होता. काळ्याचं ओरडणं थांबल्यावरही मालक थांबले नाहीत.

नंतर मला म्हणाले, कंद आजच पुन्हा लावा बाई, वाळतील. मी लावले. माती ओली होती, पाणी घालावं लागलं नाही.

२७ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. धोतरा फुलला. असा शुभ्र, असा लांब पेला, मी कधी नीट बघितलाच नव्हता. अक्कांनी फुलं पिंडीवर वाहिली.

आज त्यांनी धीर केला. त्यांचे चुलते चनबसप्पा अक्कलकोटला असतात. या रविवारी गाडी घेऊन या, एवढाच निरोप बिरप्पाला तोंडी सांगितला. बिरप्पा म्हणाला, "व्हय अक्का, मी सोता जातो. काळ्याची आन हाय मला."

रविवारी आम्ही दोघी सुटणार. माझा भाऊ मला घरात घेईल का ठाऊक नाही. पण इथून सुटणार.

६ सप्टेंबर

चनबसप्पा रविवारी आले, पण गाडी घेऊन नाही. मालकांच्या बैठकीत बसले, दूध प्याले, निरोप कुणी आणला ते सांगितलं आणि पुतणीला न भेटता परत गेले. त्यांचा कापूस मालकच घेतात.

काल मालकांनी बिरप्पाला आत बोलावलं. उजवा हात पायरीच्या दगडावर ठेवायला लावला. अक्कांना समोर उभं केलं, मलाही. कुदळीची उलटी बाजू. बिरप्पा आईला हाक मारत होता. म्हाताऱ्या माणसानं अशी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. मग त्याला त्याची मेंढरं हाकायला लावली. एका हातानं हाकत तो गेला, मागं वळून बघितलं नाही.

अक्कांचं काय झालं ते रात्रभर भिंतीतून ऐकत होते. सकाळी त्यांच्या डाव्या हातावर तापल्या चिमट्याचा डाग, पार हाडापर्यंत.

फाटकाला आता कुलूप आहे, किल्ली मालकांच्या कमरेला.

२१ सप्टेंबर

टांग्याचा आवाज आला म्हणून फाटकाकडं पळाले, ओरडले. टांगा थांबला नाही. मालकांनी मला केसाला धरून बागेत ओढत नेलं आणि वाफ्यात तोंड दाबलं. श्वास घ्यायला गेले तर माती. दात मातीत. डोळ्यांपुढं काळं झालं तेव्हा सोडलं.

शांतपणे म्हणाले, "फुलं निवडायला ठेवलंय तुम्हाला. तेवढंच करा."

पुढचा दात पडला. अक्कांनी माझं तोंड धुतलं.  त्यांच्यासारखाच पदर मीही आता तोंडावर ओढते.

१ ऑक्टोबर

निशिगंध दोन्ही बाजूंनी भरून आलाय. रातराणी भिंतीवर चढली. इतकी सुरेख बाग मी आयुष्यात केली नव्हती. मालक रोज संध्याकाळी बाकावर बसतात, अक्कांना शेजारी बसवतात, त्यांचा भाजलेला हात हातात धरून दाबत राहतात.

धोतऱ्याला काटेरी बोंडं धरली होती. आज वाफ्यात पाणी सोडताना बघितलं, एकही राहिलेलं नाही.

स्वयंपाकघरात पाटा धुतलेला होता. पुन्हा पुन्हा धुतलेला. अक्कम्मानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती शेंगा भाजत बसली.

मी जाऊन अक्कांना विचारू शकले असते. नको म्हणू शकले असते. मी गुलबक्षीची वाळकी फुलं काढत बसले.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

ते जेवले. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. चटणी पुन्हा मागून घेतली.

तोंड कोरडं पडलं म्हणाले. पाणी प्याले, आणखी मागितलं. चेहरा लाल, तापल्यासारखा. डोळ्यांत नुसतं काळं दिसतं. भिंतीवरून काहीतरी वेचत होते, चिमटीत धरून बाजूला ठेवत होते. मेलेल्या बापाशी बोलले. हसले.

अक्का म्हणाल्या, आता झोपतील. मग उठणार नाहीत.

ते झोपत नाहीत.

४ ऑक्टोबर, नंतर

अक्कम्मा गेली.

पाणी पाणी ओरडत होते म्हणून तांब्या घेऊन गेली. ते तिला काय समजले देव जाणे — काळ्याचं नाव घेत होते, चल इकडं, इकडं ये म्हणत — कोयता कधी हातात आला दिसलंच नाही. तिचा हात तांब्यासकट खाली पडला. ती कानडीत काहीतरी म्हणाली आणि मग तिच्या मानेवर — मी बघितलं. बघत राहिले. अक्कांनी मला ओढून माझ्या खोलीत आणलं.

कडी लावली. पेटी दाराला लावली, पेटीवर जातं. माझा पाय रक्तानं भरलाय, ते माझं नाही.

लिहिलं नाही तर मी ओरडेन, म्हणून लिहिते.

पुन्हा

ते घरभर फिरतात. काहीतरी फोडतात. मग बराच वेळ काही नाही. मग दाराशीच श्वास.

खिडकीचे गज आम्ही दोघींनी ओढून बघितले. हलत नाहीत.

अक्का म्हणतात, मरायला हवे होते. मरायला हवे होते. एवढंच म्हणतात. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांचं अंग काठीसारखं ताठ.

पुन्हा

बागेत आहेत. खिडकीतून दिसतं. धोतरा तोडतायत, रातराणी तोडतायत, प्रत्येक झाडाला माणसाच्या नावानं हाक मारून. त्यात एक नाव बाईचं होतं. रत्नम्मा. अक्कांनी तोंडावर हात ठेवला. माझ्या आधीची.

पारिजातकाखाली गुडघ्यावर बसून माती उकरतायत. नखांनी. रत्नम्मा, उठ म्हणतायत. मुळाशी काहीतरी कापड —

त्यांनी वर बघितलं. त्यांना आमचा कंदील दिसला.

५ ऑक्टोबर, उजाडतंय

दारावर घाव. फळी चिरली. माझं नाव घेतात, मऊ आवाजात, नेहमीसारखं. बाई, दार उघडा. बाई.

पेटी सरकते. अक्कांनी खांदा लावला, मी लावला. पातं आत येतं, अक्कांच्या दंडाला लागलं. त्या ओरडल्या नाहीत.

जात्याचा खुंटा निघाला. अक्कांनी हातात घेतला. मला म्हणाल्या, हे दार टिकत नाही. आत कोंडून घेऊन मरायचं नाही. ते घाव घालायला हात वर करतील तेव्हाच उघडायचं.

माझ्याकडं जात्याची वरची तळी. जड आहे. उचलते, उचलता येते.

 

अक्का म्हणतात, कडी तुम्ही काढा मथुराबाई. पायाकडं मी, डोक्याकडं —

हात वर गेला. फटीतून दिस